साथीचा पट

खेळ म्हटला कीं एकानें जिंकावें आणि दुसऱ्यानें हरावें, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरून चालतों कीं तिच्याविषयीं निराळा विचार करण्याचें कोणास कारणच पडत नाहीं. सारीपाट घ्या, बुद्धिबळें घ्या, किंवा अंगणांत खडूनें आंखलेला काचाकवड्यांचा पट घ्या. समोरच्याची सोंगटी मारण्यांत जी गोडी आहे ती आपली सोंगटी घरीं नेण्यांत नाहीं. मोक्षपट हा तर आत्म्याच्या उन्नतीसाठीं रचलेला खेळ. परंपरा त्याचें कर्तृत्व ज्ञानदेवांकडे देते. पण त्याची सापशिडी झाल्यावर, शेजाऱ्यास सापानें गिळलें म्हणजे टाळ्या पिटणारींच मुलें आम्हीं आजवर पाहिलीं आहेत. मोक्षाची गोष्ट कोणी काढीत नाहीं.

आमच्या लहानपणीं धुळ्यास आमच्या घरीं पत्ते आणि फांसे या दोहोंसही मज्जाव होता. वडील पिढीच्या ख्रिस्ती कुटुंबांतून ही शिस्त पुष्कळ ठिकाणीं आढळे, आणि तिच्या मुळाशीं जुगाराची भीति असे. उन्हाळ्याच्या दुपारीं शेजारच्या ओट्यावर 'पांच-तीन-दोन' रंगला म्हणजे आम्ही तो दुरूनच पाहत असूं. हें येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, ज्या खेळाची हकीकत आम्ही पुढें देत आहों त्यांत फांसा नाहीं, पैसा नाहीं, आणि एकमेकांस हरविणेंही नाहीं. म्हणूनच आमचे दाजी, म्हणजे वडील बहिणीचे यजमान, यांच्यासारखे करडे गृहस्थ तो खेळावयास बसले.

पाश्चात्त्य देशांत गेल्या कांहीं दशकांत पटावरच्या खेळांची एक निराळी जात फोफावली आहे. तींत सर्व खेळाडू एका बाजूस आणि खुद्द पट दुसऱ्या बाजूस. तरले तर सर्व तरले, बुडाले तर सर्व बुडाले. १९८७ सालीं अमेरिकेंत 'अर्कहॅम हॉरर' नांवाचा असा एक खेळ निघाला. लव्हक्राफ्ट या लेखकाच्या भयकथांवर तो उभारलेला आहे. एका गांवांत दुसऱ्या विश्वांचीं दारें उघडूं लागतात, त्यांतून अक्राळविक्राळ प्राणी बाहेर पडतात, आणि खेळाडूंनीं मिळून तीं दारें बंद करावयाचीं असतात. २००४ सालच्या आणखी एका खेळांत मंडळी झपाटलेल्या वाड्यांत शिरतात आणि मध्येंच त्यांच्यापैकीं एकजण बहुधा फितूर होतो. आमचा भाचा पुण्यास शिकतो. त्यास हे खेळ अतिशय प्रिय. २०२३ च्या नाताळांत आम्ही धुळ्याहून जळगांवास अक्काकडे गेलों, त्या वेळीं त्यानें अशा दोन पेट्या बरोबर आणल्या होत्या. पहिलीच्या झांकणावर सोंडांचा गुंता असलेलें एक ध्यान होतें. अक्कानें तें पाहिलें आणि, "नाताळांत हें माझ्या टेबलावर नको," असें सांगून ती पेटी कपाटावर टाकली. मग दुसरी उघडली. तिचें नांव 'पँडेमिक'.

"यांत राक्षस नाहीं म्हणून हा खेळ बरा, असं कुणी सांगितलं?" एवढेंच भाची म्हणाली. ती जळगांवांतील एका इस्पितळांत परिचारिका आहे.

खेळाचा कर्ता मॅट लीकॉक नांवाचा अमेरिकन गृहस्थ. २००८ सालीं तो प्रसिद्ध झाला. पटावर जगाचा नकाशा असून त्यावर अठ्ठेचाळीस नगरें रेघांनीं एकमेकांस जोडलेलीं आहेत. चार रंगांचे ठोकळे हे चार रोग. प्रत्येक खेळाडूस आपल्या पाळीस चार कामें करतां येतात: शेजारच्या नगरास जाणें, एक ठोकळा उचलणें, पत्ता देणें किंवा घेणें, अशीं. त्यानंतर त्यानें हातांत दोन नवे पत्ते घ्यावयाचे आणि मग साथीच्या पत्त्यांच्या गड्डींतून जीं नगरें निघतील त्यांवर एकेक ठोकळा ठेवावयाचा. एका नगरावर एका रंगाचे तीन ठोकळे मावतात. चौथा येतांच तें नगर 'फुटतें', म्हणजे त्याला जोडलेल्या प्रत्येक नगरावर एकेक ठोकळा जातो. आणि त्यांतील कोणावर आधींच तीन असले तर तेंही फुटतें. असे आठ उद्रेक झाले कीं खेळ संपला. चारही रोगांचीं औषधें सांपडलीं तरच जय.

यांतील खरी खुबी निराळीच आहे. हातच्या पत्त्यांत मधूनमधून एक महामारीचा पत्ता लपविलेला असतो. तो निघाला कीं साथीच्या गड्डीच्या अगदीं तळचा पत्ता काढून त्या नगरावर एकदम तीन ठोकळे ठेवावयाचे. नंतर आजवर निघून गेलेले साथीचे पत्ते पिसून पुन्हां गड्डीच्या माथ्यावर ठेवावयाचे. म्हणजे जेथें साथ येऊन गेली तेथेंच ती पुन्हां येते. ज्यानें हा नियम योजला त्यास रोगाचा स्वभाव चांगला कळला होता. याच लीकॉकनें २०२० च्या मार्चमध्यें, खरी महामारी जगभर पसरत असतां, 'न्यूयॉर्क टाइम्स' पत्रांत आपल्या खेळाविषयीं लेख लिहिला होता.

पटावर हिंदुस्थानांतील चार नगरें आहेत: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. मुंबईचें नांव त्यांत असणें आम्हांस फार यथार्थ वाटलें. १८९६ च्या सप्टेंबरांत तेथें प्लेग उघडकीस आला. पुढच्या जानेवारींत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत हाफकिन यांनीं आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि त्याच सालच्या मार्चांत पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले वारल्या. १९१८ चा इन्फ्लुएंझाही मुंबईच्या बंदरांतून शिरला आणि आगगाडीच्या वाटेनें देशाच्या आंत पसरला. एक कोटीहून अधिक माणसें त्यांत दगावलीं. मराठी भाषेनें सोबत आणि रोगाचा फैलाव या दोहोंसही 'साथ' हा एकच शब्द कां वापरला असेल, याचा उलगडा आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत सहज झाला असता. दाजी भुसावळच्या कंट्रोल ऑफिसांत उभी हयात घालवून निवृत्त झालेले. मुंबईहून दिल्लीकडे जाणारी रेघ पटावर खानदेशावरूनच जाते, पण खानदेशाचें नांव तेथें नाहीं, ही गोष्ट त्यांच्या लगेच ध्यानांत आली. "भुसावळ कुठं आहे?" असें म्हणून त्यांनीं बशींतला एक भाजलेला शेंगदाणा त्या रेघेवर ठेवला.

खेळास आम्ही चौघे बसलों: दाजी, भाचा, भाची आणि आम्ही. प्रत्येकास एकेक भूमिका नशिबानें मिळते. आमच्या वांट्यास डॉक्टर आला. भाचा शास्त्रज्ञ झाला. त्यास औषध शोधण्यास पांचाऐवजीं चारच पत्ते पुरतात. भाचीस क्वारंटाइनची अधिकारी व्हावें लागलें. ती ज्या नगरांत उभी असेल तेथें आणि त्याला जोडलेल्या सर्व नगरांत नवा ठोकळा पडूं शकत नाहीं. आणि दाजी झाले डिस्पॅचर! इतरांच्या सोंगट्या हलविणें हेंच ज्याचें काम, असा अधिकारी त्यांस मिळतांच घरांत हंशा पिकला. चाळीस वर्षें ज्यांनीं दुसऱ्यांच्या गाड्या हलविल्या त्यांस आतां आमच्या सोंगट्या हलवावयाच्या होत्या.

पहिल्या कांहीं फेऱ्या ठीक गेल्या असें म्हणतां येणार नाहीं. आरंभींच मुंबई, कराची आणि लिमा यांवर तीन-तीन ठोकळे पडले होते, चेन्नईवर दोन, कोलकात्यावर एक. एक महामारी येऊन गेली. दक्षिण अमेरिकेंत दोन उद्रेक झाले, आशियाच्या पूर्व टोंकास एक. आम्ही मनिल्यास जाऊन तेथील ठोकळे उचलीत होतों. दाजींचें बोलणें मात्र अखंड चालू होतें. कोणाची पाळी आहे याचा त्यांस विसर पडे. "मास्तर, तुम्ही मनिल्यालाच थांबा. तूं तिकडे जा. तो पत्ता टाकूं नको." खेळ चौघांचा, पण खेळत एकच होता. जाणत्या लोकांत या दोषाची फार चर्चा होते असें भाच्यानें मागाहून सांगितलें. आम्हांस त्यासाठीं जाणत्या लोकांची गरज नव्हती. वर्गांत गटानें काम करावयास सांगितलें कीं पांच मुलांपैकीं एक लिहितो, दोघे मान डोलावतात, आणि ज्यास उत्तर ठाऊक असतें तो पेन्सिलीस टोंक करीत बसतो, हें आम्ही वीस वर्षें पाहत आलों आहों.

भाचीची सोंगटी त्या वेळीं माद्रिदला होती. तिची पाळी आली तेव्हां दाजी चहा ओतीत होते, म्हणून तिला स्वस्थपणें विचार करतां आला. तिनें कोणास न विचारतां अल्जिअर्स, कैरो, रियाध करीत चार पावलें मोजलीं आणि ती कराचीस जाऊन उभी राहिली. "मुंबई आणि दिल्ली दोन्ही इथून जवळ आहेत," ती म्हणाली. मग साथीचे दोन पत्ते उघडले. पहिला कोलकात्याचा, तेथें दोन ठोकळे झाले. दुसरा मुंबईचा! पण ती शेजारीं उभी असल्यामुळें मुंबईवर ठोकळा पडला नाहीं. भाच्यानें टेबलावर थाप मारली. त्या संध्याकाळची ती एकच चांगली घटका.

पुढची पाळी दाजींची. त्यांचा बेत असा होता: भाच्याची सोंगटी अटलांटाच्या प्रयोगशाळेंत बसलेली, त्याच्या हातांत निळ्या रंगाचे तीन पत्ते, चौथ्याची वाण. चौथा, अटलांटाचा पत्ता, भाचीपाशीं. ज्या नगराचा पत्ता त्याच नगरांत दोघें भेटलीं तरच तो देतां येतो. तेव्हां भाचीस उचलून अटलांटास न्यावें, लगेच येणाऱ्या पाळींत भाच्यानें पत्ता घेऊन औषध शोधावें, आणि मग तिला परत पाठवावी. हिशेबानें यांत चूक कांहींच नव्हती.

"पप्पा, मला इथंच राहूं द्या," भाची म्हणाली.

"अगं, एका फेरीचा प्रश्न आहे. गाडी लूपवर घेतली, क्रॉसिंग झालं, कीं पुन्हां मेन लाइनला."

"पप्पा, नियम आहे," भाचा म्हणाला. "ज्याची सोंगटी त्याची परवानगी लागते."

"घरच्या पोरीची कसली परवानगी?" दाजी हंसले, पण हात त्यांनीं सोंगटीवर तसाच ठेवला होता.

भाचीनें एकवार पटाकडे पाहिलें. "घ्या," ती म्हणाली.

सोंगटी अटलांटास गेली. दाजींनीं राहिलेलीं कामें उरकलीं आणि दोन पत्ते उचलले. दुसरा पत्ता महामारीचा निघाला. तळचा पत्ता ओढला, तो दिल्लीचा: तीन ठोकळे. निघालेले पत्ते पिसून माथ्यावर ठेवले. वरचा उघडला, मुंबई.

मुंबई फुटली. तिच्यापासून कराची, दिल्ली आणि चेन्नईस एकेक ठोकळा. कराचीवर तीन होतेच, तें फुटलें. दिल्लीवर तर हे तीन ठोकळे ठेवून मिनिटही झालें नव्हतें, तीही फुटली. दिल्लीचा ठोकळा चेन्नईवर आला, तेथें नुकताच तिसरा पडला होता; चेन्नई गेली. दिल्लीनें आणि चेन्नईनें मिळून कोलकाता घालविला. भाचा ठोकळे ठेवीत होता आणि मोठ्यानें मोजीत होता: चार, पांच, सहा, सात, आठ. एका पत्त्यावर पांच नगरें! अजून कोणाच्या हातीं एकही औषध लागलें नव्हतें. पेटीवर खेळाची वेळ पाऊण तास दिली होती. आमचा निकाल अर्ध्या तासांत लागला.

भाच्यास पराभवाचाही आनंद झाला होता. असा साखळी-उद्रेक त्यानें कधीं पाहिला नव्हता, आणि त्यानें त्याचा फोटो घेतला. फोटो घेऊन झाल्यावर त्याच्या लक्षांत आलें कीं बाकीचे कोणी बोलत नाहींत.

"मी तिथं असतें तर दिल्लीवर एकही पडला नसता," भाची म्हणाली. आवाजांत तक्रार नव्हती. वॉर्डांत रोग्याची नोंद वाचून दाखवावी तसें ती म्हणाली.

"मला काय ठाऊक दिल्लीच येणार?"

"कुणालाच ठाऊक नसतं, पप्पा. म्हणूनच तर माणूस जागेवर ठेवायचं."

दाजींनीं भुसावळचा शेंगदाणा उचलून तोंडांत टाकला. कांहीं वेळानें, पटाकडेच पाहत, ते म्हणाले, "जागेवरच राहिलीस तूं. तेव्हांही."

'तेव्हां' म्हणजे केव्हां, हें त्या टेबलाभोंवतीं सांगावें लागलें नाहीं. २०२० च्या उन्हाळ्यांत जळगांव जिल्ह्यांतील मृत्यूंचें प्रमाण देशाच्या सरासरीहून पुष्कळच अधिक होतें, आणि वृत्तपत्रांत या जिल्ह्याचें नांव वरचेवर येई. भाची त्या वेळीं नोकरीस लागून एक वर्षही झालें नव्हतें. तिची नेमणूक कोविडच्या वॉर्डांत होती, आणि तेथील परिचारिका आठवडेच्या आठवडे घरीं येत नसत. घर आणि इस्पितळ यांत अंतर चार मैलांचें. दाजी रोज रात्रीं फोन करीत आणि रोज एकच वाक्य म्हणत: घरीं ये. ऑगस्टांत त्यांच्या मातोश्री वारल्या. त्यांस कोविड झाला नव्हता. वय झालें होतें. ज्या नातीस त्यांनीं लहानाची मोठी केली ती मातीलाही येऊं शकली नाहीं. पुढें सर्व सुरळीत झालें, भाची घरीं राहूं लागली, पण दाजींनीं त्या वर्षाचा विषय तिच्यापुढें पुन्हां काढला नाहीं, आणि तिनेंही काढला नाहीं. अक्का आम्हांस पत्रांतून एवढेंच कळवी कीं, दोघें एका ताटांत जेवतील पण त्या महिन्याबद्दल बोलणार नाहींत.

"आजीनं मला फोन केला होता," भाची म्हणाली. "शेजारच्या मुलाकडून लावून घेतला होता. म्हणाली, नको येऊं. माझ्यापाशीं तुझा बाप आहे, त्यांच्यापाशीं कोण आहे?"

दाजींनीं मान वर केली. "कधीं?"

"आदल्या रात्रीं."

"मला नाहीं सांगितलंस."

"तुम्ही रोज 'ये' म्हणत होतांत. तिनं 'नको' म्हटलं, हें मी कोणत्या तोंडानं सांगायचं?"

अक्का स्वयंपाकघराच्या दारांत उभी होती. चुलीवर भाजलेल्या वांग्यांचा वास घरभर दरवळत होता. पौषांतलें भरीत आणि कळण्याची भाकरी हा तेथील नाताळाचाही बेत. ती आंत गेली आणि तिनें भांडीं जरा मोठ्यानेंच वाजविलीं. दाजी ठोकळे गोळा करूं लागले. रंगारंगाचे निरनिराळे ढीग, प्रत्येकांत चोवीस, असे ते अगदीं सावकाश मोजीत होते. आम्हीं मदतीस हात पुढें केला तो त्यांनीं खुणेनेंच थांबविला. सोंगट्या उचलतांना भाचीची सोंगटी त्यांनीं अटलांटाहून घेतली, कराचीवर ठेवली, आणि मग पेटींत टाकली. हें इतरांनीं पाहिलें कीं नाहीं, आम्हांस सांगतां येणार नाहीं. जेवतांना ते आईविषयीं बोलले. ती भुसावळच्या रेल्वे-चाळींत राहावयास आली तेव्हां तिला घड्याळ वाचतां येत नसे, गाड्यांवरून ती वेळ सांगे, इत्यादि. भाचीनें त्यांतील एक गाडी दुरुस्त करून सांगितली आणि तीच बरोबर ठरली.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुन्हां पट मांडला. या खेपेस डॉक्टर दाजींकडे आला आणि डिस्पॅचर आमच्याकडे. दाजींनीं बोलणें कमी केलें होतें असें मुळींच नाहीं, फक्त प्रत्येक सूचनेच्या अखेरीस ते "परवानगी आहे का?" असें विचारीत, आणि तें इतक्या वेळां कीं शेवटीं भाचीनेंच त्यांस गप्प बसविलें. तिला रात्रपाळी होती. साडेसहास ती निघून गेली आणि जातांना आपले पत्ते बापाच्या हातांत देऊन गेली. तीन औषधें सांपडलीं. चौथ्यास दोन पत्ते कमी पडले आणि हातच्या पत्त्यांची गड्डी संपली. तोही पराभवच मानतात. आवरतांना काळ्या ढिगांत तेवीसच ठोकळे भरले. चोविसावा अक्कास दुसऱ्या दिवशीं केर काढतांना टेबलाच्या पायापाशीं सांपडला.